नाताळच्या घड्यांसाठी कागद घेताना: किट, ओरिगामी पाकीट, घोटीव आणि पतंगी

डिसेंबर लागला की स्टेशनरीच्या दुकानात लाल-हिरव्या खोक्यांची भर पडते. ख्रिसमस ओरिगामी किट, शंभर रंगीत चौकोनांचं पाकीट, शिवाय बारा महिने मिळणारे घोटीव कागदाचे ताव आणि पतंगी कागद. चार ते आठ वर्षांच्या मुलांकडून सांता, झाड, तारा करून घ्यायचा तर यातलं काय उचलावं, एवढ्यापुरतं हे परीक्षण आहे. कसोट्या दोन. लहान हातांनी घातलेली घडी जागेवर बसते का, ही पहिली. सांताची दाढी पांढरी निघते का, ही दुसरी. दुसरी ऐकायला विनोदी वाटेल, पण निम्मी खरेदी तिथेच फसते.

सोप्या सांतात दाढी आणि टोपीची किनार वरून चिकटवायची नसते, ती कागदाच्या पाठीतून येते. म्हणून कागद एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने पांढराच लागतो. दुकानात नुसतं 'लाल कागद द्या' म्हटलं की बरेचदा रंगीत झेरॉक्सचा कागद हातात पडतो. तो आरपार लाल असतो. चौकोन छान कापला जातो, घड्या सुरेख बसतात आणि शेवटी लालभडक दाढीचा सांता तयार होतो. मग पाठीला पांढरा कागद चिकटवायची युक्ती कुणीतरी काढतं. तीही चालत नाही, कारण खळीच्या ओलीने कागद सुरकुततो आणि दोन थरांची जाडी लहान नखाने दबत नाही. घेतानाच कोपरा उलटून पाहावा.

सांता असा होतो. 15 सेंटिमीटरचा चौकोन लाल बाजू वर करून ठेवायचा. शेजारशेजारच्या दोन कडा एकेक सेंटिमीटर आत दुमडायच्या, म्हणजे लालवर पांढऱ्या पट्टीचा काटकोन दिसतो आणि 14 सेंटिमीटरचा चौकोन उरतो. आता कागद पालथा करायचा आणि दोन्ही पट्ट्या जिथे मिळतात तो कोपरा मुलाच्या पोटाकडे ठेवायचा. डावा कोपरा उजव्या कोपऱ्यावर आणून मधली उभी घडी पाडायची आणि उघडायची. मग वरच्या दोन्ही कडा त्या मधल्या घडीला आणून भिडवायच्या. ही पतंगाची घडी. ती बसली की वर लाल टोपी, टोपीच्या तळाला पांढरी किनार आणि खाली पांढरा त्रिकोण, सगळं एकदम समोर येतं. टोपी 14 सेंटिमीटर उंच आणि त्रिकोण जेमतेम 6, म्हणून टोपीचं टोक वरून साधारण एक तृतीयांशावर तिरकं दुमडून खाली आणायचं आणि त्याला कापसाची गोळी लावायची. किनारीच्या लगेच खाली बोटभर पट्टा फिक्या तपकिरी किंवा गुलाबी खडूने रंगवला की तो चेहरा, उरली ती दाढी.

बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच पायरीला. एक पट्टी एक सेंटिमीटरची आणि दुसरी सात मिलिमीटरची झाली की टोपीची किनार मध्यावर पायरीसारखी तुटते आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांना या दोन पट्ट्या मोठ्यांनी दुमडून द्याव्यात. सहाच्या पुढची मुलं पेन्सिलीच्या रेघेवर स्वतः दुमडतात. दुसरी अडचण पतंगाच्या घडीत येते. कडा मधल्या घडीच्या पलीकडे गेल्या तर एकमेकींवर चढतात, टोक जाड होतं आणि टोपी वाकडी वळते. फार अलीकडे राहिल्या तर टोपीच्या मधोमध पांढरी फट दिसते. केसाएवढी जागा सोडून थांबायला सांगावं. घडी बोटाच्या गादीने नाही, नखाने दाबायची, आणि कागद मांडीवर नाही, टेबलावर किंवा फरशीवर ठेवून. एवढं केलं तरी टोपीचे पदर थोडे उघडतात. आतून ज्वारीच्या दाण्याएवढी खळ लावली की गप्प बसतात.

आता कागदांकडे.

तयार किट आधी घेऊ, कारण सगळ्यात महाग तेच आणि सगळ्यात जास्त निराशाही तेच करतं. खोक्यात साधारण वीस-तीस छापील कागद, डोळ्यांचे स्टिकर, एखादी ग्लू स्टिक आणि घडीपुस्तिका असते. छापील कागदावर सांताचा चेहरा, पट्टा, गुंड्या आधीच असतात. घडी तंतोतंत बसली तर चेहरा मधोमध येतो आणि दोन मिलिमीटर सरकली तर एक डोळा टोपीखाली जातो. कोऱ्या कागदावर हीच चूक दिसतसुद्धा नाही, कारण चेहरा शेवटी काढला जातो आणि तो काढताना मूल आपोआप सावरून घेतं. म्हणजे सोयीसाठी छापलेली गोष्टच मुलाला चूक दाखवत राहते.

काही किटमध्ये घडीच्या रेघाही कागदावर छापलेल्या असतात. चार वर्षांच्या मुलाला त्याचा आधार होतो, पण छपाई आणि कटाई यांचा मेळ जरा चुकलेला असला की रेघ एकीकडे आणि खरा मध्य दुसरीकडे. अशा वेळी रेघ सोडून द्यायची आणि कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. कागद 10 किंवा 12 सेंटिमीटरचा असेल तर किट बाजूला ठेवलेलंच बरं. 10 सेंटिमीटरच्या कागदावर वरच्या सांताची दाढी चार सेंटिमीटरच्याही आत राहते आणि किनारीची पट्टी सात मिलिमीटरची करावी लागते, जी पाच वर्षांच्या बोटात मावत नाही. शिवाय चकचकीत मुलामा दिलेला जाड कागद घडीवर फुटतो आणि लाल टोपीवर पांढरी भेग पडते.

पुस्तिकेतल्या खुणा हा वेगळाच विषय. तुटक रेघ म्हणजे घडी आपल्याकडे, तुटक रेघेत टिंबं म्हणजे घडी मागच्या बाजूला. जपानच्या अकिरा योशिझावा यांनी 1950 च्या दशकात बसवलेल्या खुणांवर आज जगभरच्या आकृत्या चालतात आणि मोठ्यांना त्या चटकन कळतात. पाच वर्षांच्या मुलाला त्या दोन रेघांतला फरक दिसत नाही, दिसावा अशी अपेक्षाही नको. समोर बसून आपण एक घडी घालायची आणि मुलाने तीच घालायची, यापेक्षा सोपा रस्ता नाही. तेव्हा पुस्तिकेसाठी किट घेऊ नये. स्टिकर हवे असतील तर ते सुटे मिळतात. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर हलणारे प्लास्टिकचे डोळे आणि गुंड्या टाळाव्यात. ते तोंडात जातात. काळ्या स्केचपेनच्या दोन टिंबांनी काम भागतं.

ओरिगामी पाकीट, म्हणजे 15 सेंटिमीटरचे चौकोन, एक बाजू रंगीत आणि दुसरी पांढरी. घरी एक-दोन मुलं असतील तर हेच घ्यावं. जाडी 60 ते 70 जीएसएमच्या आसपास असते, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाइतकी किंवा थोडी कमी, आणि लहान नखाला ती बरोबर झेपते. रंग हाताला लागत नाही. घडी उघडून पुन्हा घातली तरी कागद तुटत नाही, आणि मुलं प्रत्येक घडी दोनदा-तीनदा उघडतात, त्यामुळे हा गुण मोठा.

तपासायचं एकच: चौकोन खरोखर चौकोन आहे का. स्वस्त पाकिटांत एक बाजू 15 आणि दुसरी 14.8 असते, ते डोळ्यांना कळत नाही. वरचा एक कागद काढा, पाव फेरा फिरवा आणि गठ्ठ्यावर ठेवा. कडा कुठेही बाहेर आली नाही तर पाकीट चांगलं. दोन मिलिमीटर बाहेर आली तर आडव्या कोपऱ्याला कोपरा कधीच भिडणार नाही. मुलाला वाटतं आपलंच चुकतंय, आणि दोष मात्र कापणाऱ्या यंत्राचा असतो. बंद पाकीट दुकानात उघडता येत नसेल तर आधी एकच घ्यावं, गठ्ठ्याने नाही.

पाकिटाचा दुसरा दोष रंगवाटपाचा. शंभर कागद आणि दहा रंग म्हटलं की लाल दहाच. घरच्यासाठी ठीक आहे, वर्गासाठी नाही. त्याचा हिशेब शेवटी मांडला आहे. 7.5 सेंटिमीटरची छोटी पाकिटंही मिळतात. ती सांताला निरुपयोगी, ताऱ्याला चालतील.

घोटीव कागद. ज्यांनी कार्यानुभवाच्या तासाला कातरकाम केलंय त्यांना याची ओळख करून द्यायला नको. एका बाजूने चकचकीत रंग, मागे पांढरं, ताव स्वस्त आणि गल्लीतल्या दुकानात हमखास. नाताळच्या घड्यांना लागणारा पांढऱ्या पाठीचा गुण याच्यात जन्मजात आहे, आणि त्याचा लाल रंग ओरिगामी पाकिटातल्या लालपेक्षा भडक आणि सांताला जास्त शोभणारा.

याची खोड म्हणजे रंग सुटतो. घामट किंवा खळ लागलेल्या बोटांनी लाल बाजू धरली आणि मग पांढऱ्या बाजूला हात लावला की दाढीवर गुलाबी ठसे उमटतात. उपाय साधे आहेत: हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, शेजारी कोरडं फडकं ठेवायचं, सगळ्या घड्या झाल्यावरच खळीची बाटली टेबलावर आणायची. पातळ गोंद अजिबात नको, तो रंग ओढतो आणि पांढऱ्यावर पसरवतो. ग्लू स्टिक सगळ्यात सुरक्षित. दुसरी खोड अशी की दुकानदार ताव गुंडाळी करून देतो आणि कागद मग वळतच राहतो. चौकोन कापून वह्यांच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबून ठेवले की सरळ होतात. आणि घडी फार रगडली तर चकाकीवर बारीक पांढरी रेघ उठते, म्हणून टोपीच्या दर्शनी बाजूला दाब जरा बेतानेच द्यावा.

कापताना मोठ्यांनी लोखंडी पट्टी आणि कटर वापरावं. कात्रीने कापलेल्या पंधरा चौकोनांत पंधरा मापं निघतात. ताव 50 बाय 75 सेंटिमीटरचा असेल तर त्यात 15 सेंटिमीटरचे 15 चौकोन बसतात आणि कडेला 5 सेंटिमीटर रुंद, 75 सेंटिमीटर लांब पट्टी उरते. ती फेकू नका, तिचं काम खाली आहे. ताव थोडा लहान निघाला तर चौकोन साडेचौदाचा करावा. माप कमी चालेल, सगळे सारखे हवेत.

आता पतंगी. हा पातळ, प्रकाश आरपार जाऊ देणारा कागद सांताला नको, झाडाला नको. ताऱ्याला मात्र याच्यासारखा दुसरा नाही. खिडकीच्या काचेवर लावायच्या आठ टोकांच्या ताऱ्यासाठी 7.5 सेंटिमीटरचे आठ चौकोन लागतात, म्हणजे 15 च्या दोन चौकोनांचे चार-चार तुकडे. प्रत्येक तुकड्यावर सांतातलीच पतंगाची घडी घालायची, फक्त किनारीच्या पट्ट्या नाहीत. घडीचे पदर टिचभर खळीने चिकटवायचे. मग तुकड्याचं काटकोनी टोक मध्यभागी आणि निमुळतं टोक बाहेर ठेवून एकाला एक जोडायचे. दुसऱ्या तुकड्याची कडा पहिल्याच्या मधल्या घडीवर तंतोतंत आली पाहिजे. काटकोनाचा अर्धा 45 अंश, आठ वेळा केला की 360 पूर्ण होतात, त्यामुळे आठवा तुकडा आपोआप पहिल्याला येऊन भिडतो. भिडत नसेल तर मधे कुठेतरी एक कडा घडीवर न येता अलीकडे-पलीकडे राहिली आहे. आठव्या तुकड्याची मोकळी बाजू पहिल्याच्या खाली सरकवायची, वर चिकटवली तर एकच पाकळी वेगळी उठून दिसते. तारा सुमारे 21 सेंटिमीटर रुंद होतो आणि उजेडासमोर धरला की जिथे पदर एकमेकांवर आले तिथे आत दुसरा, गडद तारा दिसतो. म्हणूनच रंग पिवळा, नारिंगी किंवा पोपटी घ्यावा. गडद निळा आणि लाल पदरांच्या ठिकाणी काळपट पडतात. पतंगीला ओली खळ लावली की तो चुरगळतो. इथेही ग्लू स्टिकच. पाच वर्षांच्या मुलाने आठ घड्या घालाव्यात आणि जोडणी मोठ्यांसोबत करावी, ही वाटणी जमते.

हा तारा घरातल्या काचेसाठी आहे. वसईत किंवा गोव्यात अंगणात टांगतात त्या मोठ्या ताऱ्याला आतून सांगाडा लागतो. नुसत्या घडीचा कागद बाहेर दवात एका रात्रीत लोंबतो.

ताऱ्यांवरून आठवलं, किटच्या खोक्यावर बरेचदा फ्रोबेल ताऱ्याचं चित्र असतं. चार लांब पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेला, टोकंच टोकं असलेला तारा. 1837 मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांची शाळा काढणाऱ्या फ्रीडरिक फ्रोबेल यांचं नाव त्याला आहे, म्हणून तो बालवाडीचा असेल असा समज होतो. प्रत्यक्षात पट्टीची लांबी रुंदीच्या पंचवीस-तीस पट लागते, गुंफण मागेपुढे आठवून करावी लागते आणि नऊ-दहा वर्षांच्या आतलं मूल मधेच कंटाळतं. चित्राला भुलू नका.

फॉइल कागद चमकतो, पण पडलेली चुकीची घडी त्यावरून कधीच जात नाही. शिकणाऱ्या हाताला तो नको. कार्डशीट घडीसाठी नाही, पाठीला पाया म्हणून घ्या.

झाड सगळ्यात सोपं, तीन वर्षांच्या मुलालाही जमणारं. 14, 11 आणि 8 सेंटिमीटरचे तीन हिरवे चौकोन, प्रत्येकाची कोपऱ्यावर कोपरा आणून एकच घडी, झाले तीन त्रिकोण. मोठा खाली, लहान वर, तीन-तीन सेंटिमीटर एकावर एक चढवून ए-फोर कार्डशीटवर चिकटवायचे, खाली तपकिरी बुंधा. इथे 15 चा चौकोन मुद्दाम घेतलेला नाही: त्याचा कर्ण 21.2 सेंटिमीटर येतो आणि ए-फोरची रुंदी 21, म्हणजे फांदीचं टोक कागदाबाहेर. या कामाला आरपार हिरवा झेरॉक्सचा कागदही उत्तम.

डेन्मार्कमध्ये झाडावर टांगतात ती विणलेली हृदयं सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी फार चांगली, आणि आपल्याकडच्या किटमध्ये ती असायला हवी होती. तिथे ही जुनी रीत आहे. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी 1860 मध्ये केलेलं असं एक हृदय आजही जपून ठेवलेलं आहे. घोटीवच्या तावातून उरलेली ती 5 सेंटिमीटरची पट्टी इथे लागते. 5 बाय 15 चा एक लाल तुकडा, तेवढाच एक पांढरा. दोन्ही रंगीत बाजू बाहेर ठेवून अर्ध्यात दुमडायचे, साडेसात सेंटिमीटर होतात. दुमडलेल्या बाजूकडून मधोमध 5.2 सेंटिमीटरचा एक सरळ काप द्यायचा आणि उघड्या टोकाला अर्धगोल कापायचं. दोन्ही तुकडे काटकोनात धरून लालची पहिली पट्टी पांढऱ्याच्या पहिल्या पट्टीच्या पोटातून घालायची, मग पांढऱ्याची दुसरी पट्टी त्या लालच्या पोटातून. लालच्या दुसऱ्या पट्टीला हेच उलट. वर-खाली नाही, आत-बाहेर, हे एकदा हाताला कळलं की झालं. विणून पुरं झाल्यावर हृदय पिशवीसारखं उघडतं आणि आत दोन गोळ्या मावतात.

काप बरोबर 5 चा दिला तर शेवटची पट्टी जागेवर जात नाही आणि ओढली की मुळाशी फाटते. कागदाच्या जाडीपायी ते दोन मिलिमीटर जास्तीचे लागतातच. साडेपाचचा दिला तर विणीत फट राहते. दोन काप देऊन तीन पट्ट्यांचं हृदय दिसायला देखणं, पण ते दुसऱ्यांदा करायचं.

वर्गाचा हिशेब. तीस मुलांना सांतासाठी 30 लाल चौकोन, फाटाफूट धरून 36. शंभराच्या रंगीबेरंगी पाकिटात लाल दहा, म्हणजे चार पाकिटं आणि तीनशे साठ कागद पडून. घोटीवचे तीन लाल ताव घेतले तर 45 चौकोन निघतात आणि कडेच्या पट्ट्यांतून हृदयाचे 15 तुकडे. जास्तीच्या नऊ चौकोनांपैकी पाच कापले की प्रत्येकी तीन, असे आणखी 15, आणि तीस हृदयांची लाल बाजू तयार. पांढऱ्या बाजूला साधा ए-फोर पुरतो: लांबी 14.8 धरली तर एका कागदातून आठ तुकडे, चार कागदांत बत्तीस. मग लाल तुकडेही तेवढेच छाटून घ्यावेत, नाहीतर दुमडल्यावर टोकं पुढेमागे होतात. ताऱ्याला दर मुलामागे पतंगीचे 15 चे दोन चौकोन. ग्लू स्टिक सहा मुलांत एक, बोथट टोकाची कात्री दोघांत एक. चौकोन आदल्या दिवशी कापून, पट्ट्या दुमडून, तीस गठ्ठ्यांत बांधून ठेवावेत. तासाला कापायला बसलं तर पस्तीस मिनिटांत टोपीसुद्धा होत नाही.

पाकीट घेतलंच असेल तर उरलेले जांभळे-निळे कागद जपून ठेवा. संक्रांतीला फळ्यावर लावायच्या पतंगांना हीच घडी चालते.